खाटेपाशी आलेली नेत्रपरीक्षा

नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यातील कोणत्याही जुन्या घरात, मग ते सटाण्याच्या गावठाणातले असो की ताहाराबाद-मुल्हेरकडच्या एखाद्या मळ्यातले, एक गोष्ट सहज पाहावयास मिळते. ऐंशी ओलांडलेली आजी भल्या पहाटे उठते, कुणाचा हात न धरता मोरीपर्यंत जाते, देवळीतली काडेपेटी अचूक उचलते, फडताळातला साखरेचा डबा चाचपडल्यावाचून काढते. परंतु दारात उभा राहिलेला भाचा तोंडाने बोलेपर्यंत तिला ओळखू येत नाही, आणि तांदूळ निवडावयास दिले तर खडे तसेच राहतात. घरची माणसे पहिल्या गोष्टीवरून "आजीचे डोळे अजून चांगले आहेत" असा निष्कर्ष काढतात आणि दुसरीला "वय झाले, आता एवढे चालायचेच" असे म्हणून सोडून देतात. डोळे तेच, घर तेच. मग एकाच माणसाला डबा दिसावा आणि भाचा दिसू नये, हे कसे?

याचे उत्तर असे की, ओळखीच्या घरात माणूस डोळ्यांनी फार थोडे पाहतो. उंबरठा किती पावलांवर, खांब कोणत्या हाताला, डबा कोणत्या फळीवर, हे सारे पन्नास वर्षांच्या वहिवाटीने देहात मुरलेले असते. त्यास डोळ्यांकडून अंधुक पुरावा मिळाला तरी पुरतो. चेहरा ओळखणे, खडा वेगळा काढणे, गोळीच्या पाकिटावरचे नाव वाचणे यांस मात्र बारीक नजर लागते, आणि ती बारीक नजरच आधी जाते. त्यात दृष्टी जाते ती इतक्या सावकाश, की काल आणि आज यांत फरक जाणवू नये. एक डोळा अधू झाला तर दुसरा त्याचे काम निमूटपणे पत्करतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाची तक्रार येत नाही, आणि तक्रार नाही म्हणून तपासणी होत नाही.

ही उपेक्षा किती महाग पडते, ते २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणावरून कळते. पन्नास व त्यापुढील वयाच्या लोकांत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले, आणि त्यातील ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होते. म्हणजे तीन आंधळ्यांपैकी जवळजवळ दोघांचा अंधार शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगा होता. धडधाकट म्हातारा नेत्रशिबिराला जातो. राहतो तो खुब्याचे हाड मोडलेला, अर्धांगवायूने खाटेला खिळलेला, गुडघ्यांमुळे जिन्याखाली न उतरणारा. उपचारांसाठी गाठावयाचे नाशिक सटाण्यापासून सुमारे नव्वद किलोमीटर. ज्याला खाटेवरून खुर्चीत बसवण्यास दोन माणसे लागतात, त्याच्या बाबतीत हे अंतर किलोमीटरांत मोजण्यात अर्थ नसतो.

अशा माणसाकडे तपासणीनेच जावे, हे म्हणणे सोपे आहे. परंतु नेत्रपरीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अंधारी लांब खोली, भिंतीवरचा उजळलेला तक्ता आणि हनुवटी टेकवावयाची यंत्रे येतात. हे सारे दहा बाय दहाच्या खोलीत, खाटेपाशी, एका पिशवीतून कसे आणावयाचे?

अक्षर नव्हे, कोन

नेत्रपरीक्षेतील मुख्य वस्तू तक्ता नव्हे, तर कोन होय. युट्रेख्त येथील डच नेत्रवैद्य हर्मान स्नेलेन याने १८६२ साली आपला तक्ता सिद्ध केला, तेव्हा त्याने अक्षरांची उंची मनास येईल तशी घेतली नाही. एका अंशाचे साठ भाग केले म्हणजे एक 'कला' होते. अक्षराच्या माथ्यापासून आणि पायथ्यापासून निघालेल्या रेषा डोळ्यात मिळतात तेथे पाच कलांचा कोन व्हावा, आणि अक्षराच्या प्रत्येक दांडीची जाडी एक कला भरावी, असा त्याचा हिशेब होता. निरोगी डोळा सहा मीटरांवरून असा कोन करणारे अक्षर वाचतो, आणि त्या अक्षराची उंची भरते सुमारे पावणेनऊ मिलिमीटर. ज्यास सहा मीटरांवरून तेवढेच मोठे अक्षर दिसते, जे निरोगी डोळ्यास अठरा मीटरांवरून दिसावे, त्याची नजर ६/१८ अशी लिहितात. आपल्याकडील राष्ट्रीय अंधत्व-नियंत्रण कार्यक्रमात २०१७ पासून, चांगल्या डोळ्याची नजरदेखील ३/६० हून कमी असेल तर त्या व्यक्तीस अंध मानतात.

एकदा कोन हे माप ठरले, की सहा मीटरांची सक्ती उरत नाही. अंतर निम्मे केले आणि अक्षरही निम्म्या उंचीचे केले, तर कोन तोच राहतो. म्हणून तीन मीटरांसाठी बनविलेला हातातला तक्ता भिंतीवरच्या मोठ्या तक्त्याइतकाच प्रामाणिक असतो. मात्र अंतर फितीने मोजलेले हवे, अदमासाने घेतलेले चालत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी तीन दांड्यांचे एक चिन्ह वेगवेगळ्या दिशांना वळवून छापलेले असते. दांड्या कोणीकडे आहेत ते आजीने बोटांनी दाखवावे, एवढीच अपेक्षा. कुशीवर पडलेल्या रुग्णापुढे तक्ताही तसाच आडवा धरावा लागतो, त्याच्या नजरेशी काटकोनात. एक डोळा तळहाताने झाकावा, बोटांनी नव्हे, कारण बोटांच्या फटींतून पाहण्याची युक्ती म्हातारी माणसे, तपासणाऱ्यास फसविण्याचा काही हेतू नसता, सहज करतात.

तक्त्यावरचे मोठ्यात मोठे चिन्हही दिसले नाही तर परीक्षा संपत नाही. बोटे मोजता येतात का, हात हलताना दिसतो का, आणि तेही नसेल तर उजेड कोणत्या बाजूने आला ते सांगता येते का, अशा पायऱ्या उतरत जावे लागते. बॅटरीचा झोत वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून टाकला असता मोतीबिंदूने पांढऱ्या झालेल्या बाहुलीचा रुग्ण चारही दिशा बरोबर सांगू लागला, म्हणजे तपासणाऱ्याचा जीव थोडा भांड्यात पडतो. कारण मोतीबिंदूच्या मागचा, डोळ्याच्या तळाचा पडदा (रेटिना) शाबूत असावा, असे अनुमान त्यावरून निघते.

सुईच्या छिद्राचा निवाडा

नजर कमी आहे हे कळल्यावर खरा प्रश्न उरतो, की दोष चष्म्याने जाणारा आहे की नाही. त्याचा पहिला निवाडा जे साधन करते, ते पिशवीतले सर्वांत स्वस्त साधन होय: मध्ये सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र असलेली काळी चकती.

पाहिलेल्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून किरणांचा जुडगा निघून बाहुलीतून आत शिरतो. डोळ्याचे भिंग आणि आकार यांचा मेळ बरोबर असेल तर तो जुडगा पडद्यावर पुन्हा एका बिंदूत मिळतो. नसेल तर बिंदूच्या जागी एक पसरट डाग उमटतो, आणि असे असंख्य डाग एकमेकांवर चढून चित्र धूसर होते. चकतीच्या छिद्रातून फक्त मधले थोडे किरण आत जातात. जुडगा बारीक झाला म्हणजे डागही बारीक होतो, आणि नंबर न लावताच अक्षर उमटते. म्हणून छिद्रातून पाहिल्यावर दोन-तीन ओळी अधिक वाचता आल्या, तर दोष बहुधा किरणांच्या मेळाचा, अर्थात चष्म्याचा. काहीच फरक पडला नाही, किंवा उलट कमी दिसू लागले, तर भिंग गढूळ झाले असेल किंवा पडदा अथवा दृष्टिनाडी आजारी असेल. ही परीक्षा भरपूर उजेडात करावी लागते, कारण इतक्या लहान छिद्रातून आधीच थोडा प्रकाश जातो.

आजोबांचा जुना चष्मा कितीचा आहे, हेही यंत्रावाचून ताडता येते. काच डोळ्यापासून हातभर दूर धरून तिच्यातून खिडकीच्या गजाकडे पाहावे आणि काच हळूच उजवीकडे सरकवावी. गज डावीकडे पळाला तर काच अधिक नंबरची, काचेबरोबर उजवीकडे आला तर उणे नंबरची. मग पेटीतील उलट नंबरच्या काचा एकामागून एक तिच्यावर ठेवून पाहावे. ज्या काचेने गज स्थिर उभा राहिला, तिचा नंबर तोच चष्म्याचा नंबर, फक्त उलट चिन्हाचा.

उत्तर न देणाऱ्या डोळ्याची साक्ष

घरात पडून असलेल्या अनेकांना बोलता येत नाही, ऐकू येत नाही, किंवा विस्मरणाच्या आजाराने प्रश्नच समजत नाही. त्यांचा नंबर काढता येणार नाही, ही समजूत चुकीची आहे. रेटिनोस्कोप नावाचे मुठीत मावणारे उपकरण असते. त्यातून प्रकाशाची एक उभी पट्टी बाहुलीवरून फिरवतात. आतील पडद्यावरून परतलेला तांबूस उजेड बाहुलीत दिसतो, आणि तो एक तर पट्टीबरोबर सरकतो, नाही तर तिच्या विरुद्ध. खिडकी बंद करून, दारावर घोंगडी टाकून, तपासणारा डोळ्यापुढे एकेक काच बदलत जातो, तो हा उजेड सरकण्याचे थांबून सगळी बाहुली एकदम उजळेपर्यंत. त्या काचेच्या नंबरातून तपासणाऱ्याच्या अंतराची वजावट करावयाची (६६ सेंटिमीटरांवर बसला असेल तर दीड), की नंबर हाती येतो. रुग्णाने एक शब्दही उच्चारलेला नसतो.

बाहुली आपल्याला नेहमी काळी का दिसते, याचे कारणही येथेच सांगण्यासारखे आहे. डोळ्यात शिरलेला प्रकाश ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परततो, आणि त्या वाटेवर आपले डोके घातले तर येणारा प्रकाशच अडतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८५१ साली प्रकाश काचेवरून परावर्तित करून आत सोडला आणि त्याच काचेतून आरपार पाहिले. जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा, त्यावरील रक्तवाहिन्या आणि दृष्टिनाडीचे तोंड अशा रीतीने उघड झाले. त्या उपकरणाचे आजचे रूप टॉर्चएवढे असते. अलीकडे पडद्याचे छायाचित्र घेणारे हातातले कॅमेरेही आले असून, मधुमेह्याच्या पडद्यावरचे रक्तस्राव दूरच्या डॉक्टरांना पाठवून दाखविता येतात.

साध्या बॅटरीची साक्षदेखील मोलाची असते. एका डोळ्यात झोत टाकला की दोन्ही बाहुल्या आकसतात. झोत एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेताच त्या दुसऱ्या डोळ्याची बाहुली आकसण्याऐवजी पसरू लागली, तर त्या बाजूची दृष्टिनाडी किंवा पडदा गंभीर रीत्या बिघडला आहे. नुसत्या मोतीबिंदूने असे होत नाही, आणि म्हणून शस्त्रक्रियेतून काय पदरी पडेल याचा अंदाज खाटेपाशीच बांधता येतो.

पाटातला गाळ

काचबिंदू हा घरी बसलेल्या वृद्धांचा सर्वांत अबोल शत्रू. तो समजून घेण्यास बागलाणकरांना दूर जावे लागत नाही. आरम आणि मोसम नद्यांवरची सिंचनाची जुनी फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बंधाऱ्यातून पाटात आलेले पाणी शेतांना मिळून जादा पाणी सांडव्याने नदीत परतते, हे ठाऊक आहे. डोळ्यातही रंगीत पडद्यामागे एक स्वच्छ द्रव अखंड तयार होतो, बाहुलीतून पुढे येतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून रक्तात निघून जातो. या सांडव्यात गाळ बसला आणि वरून येणे चालूच राहिले, तर डोळ्याच्या आत दाब वाढतो, आणि त्याची झळ लागते ती मागच्या नाजूक दृष्टिनाडीला. नजर कडेकडेने जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे तक्ता वाचणारा माणूसही बाजूने आलेल्या सायकलला धडकतो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र थेंबांनी राखता येते.

हा दाब साधारणतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. तो मोजण्याचे शिऑट्झ या नॉर्वेजियन वैद्याचे १९०५ सालचे उपकरण तर निजलेल्या माणसासाठीच योजल्यासारखे आहे: डोळा बधिर करून बुबुळावर एक छोटी बैठक ठेवतात, साडेपाच ग्रॅम वजनाची दांडी तिच्यातून खाली बुडते, आणि डोळा जितका मऊ तितकी ती खोल जाते. नव्या उपकरणात बारीक टोकाची हलकी काडी बुबुळाला निमिषमात्र टेकून मागे उसळते, आणि तिच्या उसळण्याच्या वेगावरून दाब निघतो. बधिर करण्याचीही गरज नाही. परंतु दाब ठीक असूनही काचबिंदू असू शकतो, म्हणून नजरेच्या कडा तपासणे टाळू नये. तपासणारा समोरासमोर बसून, दोघांचाही एकेक डोळा झाकून, बोटे बाजूने आत आणतो आणि आपणास दिसली त्याच वेळी समोरच्याला दिसली का, हे ताडून पाहतो.

चौकट: तपासणारा येण्यापूर्वी
घरातले सगळे जुने चष्मे, मोडके असले तरी, एका जागी काढून ठेवावेत. चालू औषधांची पाकिटे, मधुमेह व रक्तदाबाचे कागद, डोळ्याची पूर्वी शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचे कार्ड जवळ असावे. खाटेच्या पायथ्याशी तीन मीटर मोकळे करावेत, खिडकी झाकता येईल असे कापड हाताशी ठेवावे. डोळा अचानक दिसेनासा झाला, नजरेवर पडदा ओढल्यासारखे झाले, अथवा लाल डोळा, तीव्र वेदना व उलटी एकत्र आली, तर घरच्या तपासणीची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

नसलेली माणसे दिसतात तेव्हा

एका गोष्टीविषयी घरोघर मौन असते, आणि तिच्यामुळे म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात. दृष्टी बरीच गेलेली आजी कधी सांगते, की कोपऱ्यात लहान मुले बसली आहेत, भिंतीवर फुलांची नक्षी चालते आहे. सुना घाबरतात; कुणी बाधा म्हणतो, कुणी वेड म्हणतो, अंगारा लावला जातो; आणि पुढे आजीच बोलणे बंद करते. स्वित्झर्लंडमधील निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने याने १७६० साली आपल्या आजोबांच्या बाबतीत नेमके हेच लिहून ठेवले. मोतीबिंदूने दृष्टी अधू झालेल्या त्या वृद्धांस माणसे, पक्षी, इमारती दिसत. बुद्धी पूर्ण शाबूत होती आणि ही चित्रे खरी नव्हेत हे त्यांना कळत होते. डोळ्यांकडून येणारी खबर तुटली म्हणजे मेंदूचा पाहणारा भाग स्वस्थ बसत नाही, आपल्या साठ्यातील चित्रे काढू लागतो. ही बाधा नव्हे आणि वेडही नव्हे. घरी आलेल्या तपासणाऱ्याने आजीला एकांतात, हलक्या आवाजात "नसलेले काही दिसते का?" एवढे विचारले, तर कित्येक महिन्यांचे भय त्या क्षणी उतरते. मात्र नवी औषधे, ताप वा विस्मरणाचा आजार यांनीही भास होतात, तेव्हा वैद्यकीय विचार करावाच लागतो.

दिवा, पायरी आणि चष्मा

रुग्णालयातील डॉक्टरांना कधीच दिसत नाही ते घर, येथे प्रत्यक्ष दिसते. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि भिंग पिवळे पडते. विशीतल्या तरुणाच्या पडद्यावर जेवढा उजेड पोहोचतो, त्याच्या सुमारे एक-तृतीयांशच साठीच्या माणसाच्या पडद्यावर पोहोचतो. सुनेला जी खोली उजळ वाटते, ती सासऱ्यांना सांजवेळेसारखी असते. छताला टांगलेला दिवा बदलण्यापेक्षा तोच दिवा हातात घेऊन जवळ आणणे अधिक उपयोगी. दिव्याचे अंतर निम्मे केले की पोथीवर पडणारा उजेड चौपट होतो. दिवा खांद्यामागून यावा, डोळ्यांत येऊ नये.

चष्म्याविषयी घाई करू नये, हे मात्र आग्रहाने सांगितले पाहिजे. दुहेरी नंबरच्या (बायफोकल) चष्म्याचा खालचा भाग वाचण्याचा असतो. जिना उतरताना नजर त्यातूनच जाते आणि पायरी धूसर दिसते. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दुर्बल वृद्धांची दृष्टी तपासून नवे चष्मे दिल्यावर त्यांचे पडणे कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. नंबर एकदम फार बदलला की जमीन जवळ-दूर भासते आणि पाय चुकतो. उलट, इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील २००५ सालच्या अभ्यासात, सत्तरीपुढील स्त्रियांच्या पहिल्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यावर पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटले. तेव्हा सिडनीच्या अनुभवावरून दृष्टी सुधारणे घातक, असे कुणी समजू नये. वृद्धाचा नंबर टप्प्याटप्प्याने बदलावा, आणि चालण्याचा व वाचण्याचा चष्मा शक्य तेथे वेगळा ठेवावा, एवढाच त्याचा अर्थ.

घराची हद्द कुठे संपते

शस्त्रक्रिया घरी होत नाही, होऊही नये. गावोगावच्या शाळांत मोतीबिंदू काढण्याची जुनी शिबिरे जंतुसंसर्गाच्या अनुभवामुळे मागे पडली. आता गावात तपासावे आणि शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयात करावी, हीच रीत आहे. बाहुली मोठी करणारे थेंबही घरी सरसकट घालू नयेत, कारण ज्यांच्या डोळ्यातील सांडव्याची फट आधीच अरुंद असते, त्यांचा दाब त्यामुळे एकाएकी चढू शकतो.

घराच्या आतले काम मात्र करता येते, आणि त्यास लागणारी यंत्रणा कागदावर तरी हजर आहे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ साली सुरू झाला, त्यात अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेट देण्याची तरतूद आहे. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील व्यक्तींची जी यादी भरते, तीत धूसर दिसते का, वाचण्यास अडचण येते का, हे प्रश्न आहेत. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याचे पद असते, आणि सटाण्यास ग्रामीण रुग्णालय आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून २०२४ पासून पासष्ट वर्षांवरील, मर्यादित उत्पन्नाच्या व्यक्तींस ३,००० रुपये मिळतात, त्यांत चष्मा बसतो. सरकार दारापर्यंत जाऊ शकते, हेही दिसले आहे: २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांच्या घरी मतपत्रिका घेऊन सरकारी कर्मचारी गेले. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत एकट्याने घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांची नेत्रपरीक्षा घरी विनामूल्य होते. ज्या सटाण्यात १८७०-७१ च्या दुष्काळात मामलेदार यशवंत महादेव भोसेकर यांनी सरकारी खजिना रयतेसाठी मोकळा केला आणि ते देव मामलेदार म्हणून पूजिले गेले, त्या तालुक्यास सरकार दारी येण्याची कल्पना नवी वाटू नये. अडते ते एका दुव्यापाशी: आशा कार्यकर्तीच्या यादीतले "धूसर दिसते" हे उत्तर तक्ता आणि छिद्राची चकती घेऊन कुणीतरी त्या खाटेपर्यंत नेले पाहिजे.

ही भेट एकदा होऊनही भागत नाही. मोतीबिंदू ठरला, गाडी व सोबतीस माणूस मिळाला, शस्त्रक्रिया झाली, तरी सुमारे चार ते सहा आठवडे थेंब घालावे लागतात, आणि तोवर डोळ्याचा नवा नंबर स्थिर होत नाही. त्या काळात जुना चष्मा डोळ्यांवर तसाच राहिला, तर "शस्त्रक्रियेने काही उपयोग झाला नाही" अशी समजूत होऊन दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया कायमची राहून जाते. म्हणून पहिल्या भेटीची तारीख वहीत लिहितानाच दुसऱ्या भेटीची जागा तिच्यापुढे आखून ठेवावी लागते.